एकशे चाळीस मिनीज, भाड्याचं घर आणि चार हजार रुपये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते इतरांनाही कळेल. ठाण्यात भाड्याचं वन-बीएचके. रंगवलेल्या १४० मिनीज, म्हणजे टेबलावर खेळायच्या खेळांतल्या छोट्या मूर्ती. बहुतेक वॉरहॅमर ४०के आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळांच्या, थोड्या रेझिन नावाच्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या, आणि एक मोठा पंखवाला ड्रॅगन. सगळा संसार सध्या टिश्यूत गुंडाळून बुटांच्या खोक्यांत. घरात दोन वर्षांचा मुलगा. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची मनाई. खर्चाची मर्यादा चार हजार. काचेचं कपाट घ्यायचं तर कोणतं?

मी इतरांसाठी मिनीज रंगवून देतो, आणि काम हातात दिलं की पुढचा प्रश्न नव्वद टक्के वेळा हाच येतो. माझं उत्तर असं की कपाट कोणतं हा मूळ प्रश्नच नाही. मिनी असते पाच सेंटिमीटरची, आणि बाजारातलं काचेचं कपाट बनवलेलं असतं फुलदाणी, ट्रॉफी, क्रॉकरी यांच्यासाठी. एका कप्प्याची उंची पस्तीस-चाळीस सेंटिमीटर, खोली पस्तीसच्या आसपास. त्यात पाच सेंटिमीटरचा सैनिक ठेवला की वरची तीस सेंटिमीटर नुसती हवा. तुम्ही पैसे देता ते त्या हवेचे. स्वस्तात मांडायचं असेल तर ही हवा कमी करा. बाकी जे सांगतोय ते सगळं त्यातूनच निघतं.

उदाहरण आयकियाच्या डेटॉल्फचं घ्या, कारण तुम्हीही त्याचं नाव घेतलंय. जगभरच्या मिनीवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच कपाट वापरलं. सुमारे १६३ सेंटिमीटर उंच, ४३ रुंद, चारी बाजूंनी काच, आत तीन काचेच्या फळ्या आणि तळ, म्हणजे चार मजले. आता कंपनीने ते बंद केलंय. त्या जागी ब्लोलिडेन आलंय, ते थोडं बुटकं आणि अरुंद. दिसायला दोन्ही देखणी. पण चार मजल्यांवर १४० मिनीज ठेवायच्या म्हणजे एका मजल्यावर पस्तीस, आणि त्यातल्या मागच्या वीस कुणालाच दिसणार नाहीत. मग लोक आत आणखी फळ्या घालतात, पायऱ्या करतात, आणि मूळ कपाटाइतकाच खर्च वर होतो. शिवाय उंच, अरुंद, काचेचं, सुट्टं उभं कपाट भिंतीला स्क्रूने बांधल्याशिवाय दोन वर्षांच्या मुलाच्या घरात ठेवू नका. यात मी घासाघीस करत नाही. भोक पाडता येत नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी संपला.

आता हिशेब मांडू. तुमच्या बहुतेक मिनीज २५ किंवा ३२ मिलिमीटरच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या गोल चकतीवर असणार, थोड्या ४० वर. सगळ्या ३२च्या धरू. दोन मिनीजमध्ये ८ मिलिमीटर मोकळे सोडले की एकीला लागली ४ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर एका ओळीत १५ बसतात. मागे दुसरी ओळ, पण पुढच्या दोघींच्या फटीतून दिसेल अशी, अर्धी जागा सरकवून. एका फळीवर झाल्या २९. पाच फळ्यांवर १४५. तुमच्या १४० आल्या की नाही? फळीची खोली १० सेंटिमीटर पुरते. दोन फळ्यांमधलं अंतर १० घ्या: मिनी साडेपाच, मागच्या ओळीखाली दोन सेंटिमीटरची पायरी, उरलेली जागा बोटं जायला. सर्वांत वरचा मजला मात्र अठरा-वीसचा ठेवा, तिथे उंच राक्षस, वाहनं, झेंडेवाले. एकूण पेटी झाली साधारण ६० रुंद, ६५ उंच, १२ खोल. भिंतीवरच्या मोठ्या फोटोफ्रेमएवढी. याला कपाट म्हणायचं की उथळ पेटी, ते तुम्ही ठरवा, पण अख्खी फौज तिच्यात येते.

मापं घेताना एक काळजी घ्या. मिनीची उंची डोक्यापर्यंत मोजू नका, वर केलेल्या भाल्यापर्यंत मोजा. आणि बेसच्या बाहेर आलेली तलवार, शेपूट, पंख हेही धरा. प्रत्येक संग्रहात अशा पाच-सहा आडमुठ्या असतात. त्यांच्यासाठी सगळ्या फळ्यांचं अंतर वाढवायचं नाही, त्यांना वरच्या मजल्यावर हाकलायचं. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या मोटारींच्या तयार डिस्प्ले पेट्यांचाही मोह होतो. दिसतात अगदी आपल्याला हव्या तशा, उथळ, पुढे ॲक्रिलिकचं दार. पण त्यांचे कप्पे गाडीच्या उंचीचे असतात, आणि गाडी तीनेक सेंटिमीटरची. आपला सैनिक त्यात मान वाकवूनही बसत नाही. काही पेट्यांत मधली एक-एक फळी काढता येते, तेवढ्याच घेण्यासारख्या. कप्प्याची उंची लिहिलेली नसेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय मागवू नका.

पेटी करायची कशी? प्लायच्या दुकानात किंवा जिथे फर्निचरचं काम चालू असेल तिथल्या सुताराकडे १२ मिलिमीटर प्लायचे कटपीस मिळतात. तुम्हाला लागतात १२ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या आणि मागे ६ मिलिमीटरचा एक तुकडा. पूर्ण शीट घेऊ नका. मशीनवर कापून घेतलं तर कडा सरळ येतात, आणि पुढे काच बसताना रडारड होत नाही. आतून मॅट सनमायका किंवा साधा मॅट रंग. चकचकीत सनमायका अजिबात नको, मागच्या पत्र्यासारख्या चमकेत मिनीची कड हरवते.

फळ्या काचेच्या आणि पुढचं झाकण ॲक्रिलिकचं, असा माझा आग्रह आहे. बरेच जण उलट करतात. कारण सांगतो. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची ६० सेंटिमीटर लांब फळी दोन टोकांवर टेकवली तर स्वतःच्या वजनाने आणि वर तीस मिनीजनी मधोमध स्पष्ट झोळ येतो, आणि काही महिन्यांत तो वाढतो. ५ मिलिमीटर घेतली तरी थोडी झुकतेच, आणि तोवर ती काचेपेक्षा महाग झालेली असते. तेवढ्याच मापाची ४ मिलिमीटर काच जवळजवळ हलत नाही. काचवाल्याकडून पट्ट्या कापून घ्या आणि पुढची कड घासून द्यायला सांगा. घासणावळ वेगळी पडते पण ती वाचवू नका, कारण त्या कडेवरूनच तुमची बोटं रोज आत जाणार. फळ्या टेकवायला काचेच्या फळ्यांसाठी मिळणाऱ्या छोट्या खुंट्या, बाजूच्या पट्ट्यांत भोकं पाडून. पुढच्या झाकणाचं गणित वेगळं. तिथे मुलाचा हात लागणार, चेंडू लागणार, म्हणून ४ मिलिमीटर ॲक्रिलिक. ते उभं असल्यामुळे झोळ पडत नाही, काचेसारखे फुटून धारदार तुकडे होत नाहीत आणि वजनाला काचेच्या निम्मं. तोटा एवढाच की घासलं की ओरखडे पडतात आणि कोरड्या फडक्याने पुसलं की वीज धरून उलट धूळ ओढतं. ओलसर मायक्रोफायबर वापरायचं, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे त्यावर मारायचा नाही.

झाकण बसवायला बिजागऱ्या नकोत. सरकत्या काचांसाठी जो ट्रॅक मिळतो, त्यात वरची पट्टी खोल असते आणि खालची उथळ. हीच युक्ती वापरायची. दोन काचा घालण्याऐवजी एकच पूर्ण मापाचं ॲक्रिलिक एका खाचेत बसवा. काढताना ते वर उचलायचं, वरच्या खोल खाचेत शिरतं, खालची कड सुटते, मग खालून पुढे ओढलं की हातात. दोन वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. दोन सरकत्या काचा असल्या की त्यांच्यामधल्या फटीतून धूळ आत येते, इथे ती फटच नाही. दोन्ही उभ्या कडांना दारांना लावतात ती फोमची चिकटपट्टी लावली की काम झालं.

अशा पेटीचं वजन काच, प्लाय, मिनीज धरून नऊ-दहा किलो भरतं. चिकटपट्टीच्या हुकांवर ही भिंतीला लटकवण्याचा विचार मनातही आणू नका, त्यात भाड्याच्या घरांतल्या डिस्टेंपरवर ते हुक कॅलेंडरसुद्धा धड धरत नाहीत. रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. पेटी तुमच्या स्वतःच्या एखाद्या जड, छातीएवढ्या उंच फर्निचरवर उभी करा आणि खालून दोन एल-क्लॅम्प त्या फर्निचरलाच स्क्रूने मारा. भोक तुमच्या कपाटाला पडतं, घरमालकाच्या भिंतीला नाही. फक्त ते फर्निचर मुलाने धरून ओढलं तरी हलणार नाही असं हवं. हलकी चप्पल-स्टँड चालणार नाही. आणि एकदा घरमालकाशी बोलून बघायला हरकत नाही. सोडताना दोन भोकं पुट्टीने बुजवून रंगाचा हात मारून देतो असं म्हटलं की बरेच जण विरघळतात.

सुतारकाम नकोच असेल तर दुसरा रस्ता सेकंडहँडचा, आणि तो मला मनापासून आवडतो. मोबाइलची दुकानं, चष्म्याची दुकानं, इमिटेशन ज्वेलरीवाले दुकान बंद करतात किंवा नवं फर्निचर करतात तेव्हा त्यांचे उथळ, दिवे बसवलेले, सरकत्या काचांचे भिंतीवरचे डिस्प्ले अक्षरशः जागा मोकळी व्हावी म्हणून विकले जातात. मुंबईकडच्यांनी जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट पाहावं, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. चष्म्याच्या दुकानातला रॅक आपल्यासाठी सोन्यासारखा, कारण चष्माही बुटकाच असतो आणि फळ्या जवळजवळ असतात. घेताना मागचा प्लाय टोचून बघा. भुगा पडला किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी, तिथूनच परत फिरा.

तिसरा रस्ता सगळ्यांत स्वस्त, आणि तुमची परिस्थिती पाहता मी तोच आधी सुचवेन: पुढून उघडणारी पारदर्शक बुटांची खोकी. स्नीकर ठेवायला मिळतात ती, एकावर एक बसणारी. बुटांच्या खोक्यातून मिनीज काढून पुन्हा बुटांच्याच खोक्यात, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण ही खोकी सगळ्या बाजूंनी बंद, हलकी, आणि घर बदलताना आहेत तशी उचलता येतात. एका खोक्यात सनबोर्डच्या दोन-तीन पायऱ्या केल्या की पंधरा-वीस मिनीज व्यवस्थित दिसतात. प्लास्टिक थोडं धुरकट असतं, काचेची सर नाही. तरी सहा-आठ खोकी नीट रचून वर एक दिवा टाकला तर पाहुणे थांबून बघतात, हे मी पाहिलंय. एखाद-दोन खास मिनीजसाठी दिवाळीत घरोघरी येणारे फेरेरो रोशेचे पारदर्शक डबे जपून ठेवा. लेबल कोमट पाण्यात निघतं. असा डबा उलटा करून झाकण तळाला घेतलं की झाली पेटी. उंची मात्र आधी मोजा, भालेवाला त्यात मावत नाही.

पायऱ्यांचा विषय निघालाय तर मांडणीचंही सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण लहानपणी जे करायचो तेच करायचं: महाराज वर सिंहासनावर, मावळे पायरीपायरीने खाली, आणि शेतकरी, विहीर, प्राणी बाजूला. नजर आधी वर जाते आणि मग उतरते. फळीवर एका उंचीच्या वीस मिनीज सरळ रांगेत उभ्या केल्या की दुकान वाटतं. त्यातल्या तिघींखाली दोन सेंटिमीटरचा ठोकळा सरकवला की तीच फळी बोलायला लागते. पार्श्वभूमी मधल्या करड्या रंगाची किंवा मळकट निळसर करड्या कार्डशीटची घ्या. पांढऱ्यापुढे मिनी काळपट दिसते, काळ्यापुढे गडद अंगरखे गायब होतात. मागे आरसा लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, गर्दी दुप्पट दिसते आणि धूळही.

दिव्यावर मात्र पैसे खर्च करा. चार हजारांतला पाव हिस्सा तिथे गेला तरी चालेल, कारण साध्या पेटीतली मिनी चांगल्या उजेडात महागड्या कपाटातल्या अंधाऱ्या मिनीपेक्षा सरस दिसते. एलईडी स्ट्रिप बहुतेक लोक छताला मागच्या बाजूने लावतात. मग उजेड पाठीवर पडतो आणि तुम्ही तास न् तास बसून रंगवलेला चेहरा सावलीत जातो. स्ट्रिप पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, तोंड मागे करून लावायची. आणि उथळ पेटीत वरून आडवी एक लावण्यापेक्षा दोन्ही पुढच्या उभ्या कोपऱ्यांत एकेक उभी लावा. वरच्या फळीवरच्या बेसनी उजेड अडवला तरी खालच्या प्रत्येक मजल्याला बाजूने उजेड मिळतो. दुकानात तीन रंग मिळतात: वॉर्म, नॅचरल आणि कूल व्हाइट. नॅचरल घ्या, म्हणजे ४००० केल्व्हिनच्या आसपास. वॉर्ममध्ये निळे रंग मळतात, कूलमध्ये कातडी प्रेतासारखी दिसते. तुमची फौज भुतांची असेल तर गोष्ट वेगळी. पाकिटावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं मिळालं तर थोडे जास्त पैसे द्या. ५ व्होल्टची यूएसबीवर चालणारी स्ट्रिप मोबाइलच्या ॲडाप्टरवर चालते, ॲडाप्टर पेटीच्या बाहेर.

आता ठाण्याच्या हवेबद्दल, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले कोरड्या, थंड देशांतून येतात. खाडीकाठचा पावसाळा म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा नव्वदीच्या घरात. ॲक्रिलिक रंगाला त्याने फारसं काही होत नाही. होतं ते बेसवरच्या सजावटीला. वाळलेली पानं, कॉर्क, लाकडाचा भुसा, आणि आपल्याकडे सर्रास वापरतात ती चहाची चोथा-पावडर, यांवर बुरशी धरते. चहा पावडर वापरली असेल तर आधी नीट वाळवलेली आणि वरून पातळ फेव्हिकॉलने बंद केलेली असायला हवी. कसर आणि झुरळंही अशी सजावट कुरतडतात. पेटी बाथरूमच्या किंवा बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या. सिलिका जेल ठेवायचं तर नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, लहान मुलाच्या घरात ते नको. पण पेटी हवाबंद नाही, त्यामुळे जेलकडून चमत्काराची अपेक्षा नको. मॅट वॉर्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारूच नका. दमट हवेत तो पांढरट धुकं धरतो आणि तुम्ही कपाटाला दोष देत बसता. ब्रशने लावायचं वॉर्निश चालतं.

ऊन हा वेगळा शत्रू. पश्चिमेच्या खिडकीसमोर पेटी ठेवली तर दोन-तीन वर्षांत लाल, जांभळे आणि फ्लुरोसंट रंग उतरायला लागतात, आणि थ्रीडी प्रिंटचं रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडून ठिसूळ होतं. मऊ पीव्हीसीच्या मिनीज उन्हाच्या गर्मीत वाकतात. त्यांच्या तलवारी गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात, पण रंग तडकलेला परत येत नाही. विदर्भातल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. देवघराशेजारीही नको: उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली तेलकट वाफ मिळून जो चिकट थर बसतो, तो ब्रशने जात नाही. साधी धूळ असेल तर कॅमेऱ्याचा हवेचा फुगा आणि मऊ मेकअप ब्रश पुरेसा. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की ही पेटी आतून पुसायची नाही. भाले मोडण्याचं आपल्याकडचं पहिलं कारण दिवाळीची साफसफाई आहे.

जुन्या शिशाच्या मिनीज कुणी जमवत असेल तर एवढंच: त्या नव्या प्लाय किंवा एमडीएफच्या बंद पेटीत ठेवू नका. लाकडातून आणि गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. तुमच्या प्लास्टिकला आणि रेझिनला हा धोका नाही. तरी नवी पेटी रंग-गोंदाचा वास जाईपर्यंत उघडीच ठेवा.

आता चुंबकाचं, कारण तुम्ही खेळताही. दर आठवड्याला टेबलावर उतरणाऱ्या मिनीज काचेमागे ठेवू नयेत. प्रत्येक काढ-घाल म्हणजे शेजारणीला धक्का. त्यांच्यासाठी एक वेगळा डबा करा: तळाला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा, मिनीच्या बेसखाली निओडिमियमचं छोटं, जोरदार चुंबक. पत्रेवाल्याकडे जाताना चुंबक खिशात ठेवा आणि चिकटवून बघूनच पत्रा घ्या. स्टेनलेस स्टील म्हणून जे ३०४ ग्रेडचं मिळतं त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबे छान चालतात. २५ आणि ३२च्या बेसला ५ बाय २ मिलिमीटरचं एक चुंबक पुरतं, पण ते बेसच्या कडेच्या पातळीत आलं पाहिजे. पोकळ बेसच्या छताला चिकटवलं तर पत्र्यापासून मिलिमीटरभर वर राहतं आणि तेवढ्याने पकड कितीतरी कमी होते. मी असं करतो: पत्र्यावर बटर पेपर, त्यावर चुंबक ठेवायचं, बेसच्या पोकळीत हरभऱ्याएवढा एम-सीलचा गोळा दाबायचा आणि मिनी वरून चुंबकावर सरळ बसवायची, बेसची कड सगळीकडून कागदाला टेकेपर्यंत. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी बटर पेपर सोलून काढला की चुंबक अगदी सपाट आणि पक्कं. सुपरग्लूचा एक थेंब दमट हवेत पटकन धरतो खरा, पण त्याची वाफ बंद डब्यात रंगावर पांढरी साय आणते, आणि धक्का लागला की चुंबक सुटतं.

हे सुटणं तुमच्या घरात परवडणारं नाही. लहान मुलाने दोन चुंबकं गिळली तर ती पोटात आतड्याच्या भिंतींआरपार एकमेकांना धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यामुळे सुटी चुंबकं कुलपात, बसवलेलं प्रत्येक चुंबक नखाने ओढून तपासायचं, आणि एकही कमी भरलं तर सापडेपर्यंत मुलाला त्या खोलीत सोडायचं नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल. हे जमणार नसेल तर चुंबकाचा नाद सोडा आणि डब्यात फोमला खाचा पाडून मिनीज आडव्या ठेवा.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा लावेन. या महिन्यात पारदर्शक खोकी आणि एक चांगली स्ट्रिप, म्हणजे मिनीज टिश्यूतून बाहेर येतील. खेळायच्या तीस-चाळीस वेगळ्या डब्यात. मग सवडीने, पैसे उरतील तशी उथळ पेटी, आणि तोपर्यंत एखाद्या दुकानाचा रॅक हाती लागला तर ती पेटीही नको. सगळ्या १४० एकदम मांडायलाच हव्यात असंही नाही. मी स्वतः एका ओळीत मावतील तेवढ्याच बाहेर ठेवतो आणि अधूनमधून बदलतो.

राहिला ड्रॅगन. त्याच्यासाठी पेटीची खोली वाढवू नका, तिथे पुन्हा हवेचे पैसे. तो पेटीच्या वर, स्वतःच्या झाकणाखाली. केकवर ठेवायचं उंच पारदर्शक झाकण किंवा ॲक्रिलिकवाल्याकडून पाच बाजू चिकटवून घेतलेला ठोकळा. झाकण मुलाच्या हाताला येणार नाही एवढं वर, आणि खालच्या पाटाला दुहेरी टेपने धरलेलं. पंख अजून पक्के चिकटवले नसतील तर थांबा. खांद्याच्या सांध्यात पितळी तारेची खुंटी बसवून पंख सुटे ठेवता येतात, मग झाकण निम्म्या मापाचं पुरतं आणि पुढच्या घरी जाताना तो बुटांच्या खोक्यातही मावेल. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी आणि खांद्याच्या सांध्याची जाडी लिहून पाठवलीत तर तार किती जाडीची घ्यायची ते सांगतो.